दुसरा ज

महिन्याला बारा पौंड.
म्हणजे ग्रिम्सबीच्या केअर होममधला
रात्रपाळीचा एक तास:
तीन जणांच्या कुशी बदलणं, दोन चादरी,
आणि एडना स्किपवर्थचा तो एकच प्रश्न,
बोट लागली का धक्क्याला?
हा तास मी दर एक तारखेला
त्या लाल रेघेच्या पदरात टाकते.

खोटं कशाला सांगू,
आधी माझे रिपोर्ट मॅनेजर सगळ्यांसमोर वाचायची.
‘द’ कुठं हवा, ‘अ’ कुठं नको.
आमच्या भाषेत ही माणसं जन्मालाच आली नव्हती,
मी अंदाजानं त्यांना पाट मांडायचे,
कधी रिकाम्या भिंतीशी, कधी कुणाच्या मांडीवर.
आता पंगतीत नीट बसतात.
आणि छताच्या गळतीबद्दल कौन्सिलला लिहिलेलं पत्र
पहिल्यांदाच ‘प्रिय मॅडम’ होऊन परत आलं.
माणूस आला, शिडी आली, गळती बुजली.
एवढं तिच्या खात्यावर जमा.

पण पहिल्याच दिवशी तिनं रेघ मारली होती
माझ्या नावाखाली.
उज्ज्वला.
एक जे काढू का, म्हणाली.

याच ज-पायी घरत गुरुजींनी चौथीत
मला पाटीभर नाव गिरवायला लावलं होतं.
‘अगं, स्वतःला तरी पुरतं लिही.’
शाई त्यांचीही लालच.
पण रेघ मारताना ते मान वर करायचे,
वही कुणाची ते बघायला,
आणि रेघ जरा आखूड व्हायची
कधी कधी.

फेब्रुवारीत एडना गेली.
तिच्या मुलीला, लिनला, पत्र लिहायला बसले
ड्युटीवरून येऊन, कोटही न काढता.
लिहिलं: तुमची आई स्लोली स्लोली गेली.
रेघ. शब्द दोनदा आलाय.
एक स्लोली उडाला.
लिहिलं: शेवटी ती स्मॉल स्मॉल घास घ्यायची.
रेघ.
लिहिलं: मी विचारलं, बोट लागली?
ती म्हणाली, आली, आली.
तिथंही रेघ!
हे तर एडनाचे स्वतःचे शब्द,
जिच्या सात पिढ्या इंग्रजीतच मासे विकत आल्या.

आता बघा,
‘हळू’ हे पायरी उतरणाऱ्याला सांगतात.
‘हळूहळू’ म्हणजे
संध्याकाळी सहापासून पहाटे साडेचारपर्यंत
हातात हात,
मधे एकदा फक्त हीटर वाढवायला सोडलेला.
यातला एक हळू काढला
तर उरलेली अर्धी रात्र मी कुठं ठेवू?

खाली तिनं सुचवलं:
सूर फार भावुक. त्याऐवजी लिहा,
तुमच्या आईंचे शांततेत निधन झाले.
वाक्य धुतल्या तांदळासारखं.
त्या खोलीत कुणी बसलेलंच नव्हतं.

मग भाजीवालीशी घालतात तशी घासाघीस केली.
‘द’ सगळे घेतले. स्वल्पविराम घेतले.
एक स्पेलिंग तर असं चुकलं होतं
की ‘सांत्वन’च्या जागी भलतंच जाणार होतं,
तिथं तिला मनातून नमस्कार केला.
दोन्ही स्लोली परत आणून बसवले.
‘आली, आली’ला हात लावू दिला नाही.
रेघा तशाच राहिल्या पडद्यावर,
कागदावर उमटत नाहीत म्हणून बरं.

तीन आठवड्यांनी लिनचं कार्ड आलं.
पेनानं लिहिलेलं, अक्षर आईसारखंच तिरकं.
माझ्या नावात आधी एकच जे होता.
मग दोन अक्षरांच्या फटीत, वरून,
दुसरा खोचलेला.

एक तारखेला बारा पौंड कापले गेले.
बंद करायचं राहिलं, की केलं नाही,
नीट सांगता येणार नाही.
सात नंबरच्या खोलीत नवे गृहस्थ आलेत,
रात्रभर भिंतीशी बोलतात,
आणि रिपोर्ट
सकाळी सातच्या आत द्यायचा असतो.